‘एकटा’ या शब्दाबाबत खुलासा

माणूस खुर्चीत बसायच्या आधी मी त्याचे कागद कशात आहेत ते बघते. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून आणणारा उत्पन्न कमी सांगतो. फाइलला रंगीत चिठ्ठ्या लावून आणणारा जास्त सांगतो. आणि ज्याचे कागद बायकोच्या हातात असतात तो काहीच सांगत नाही. त्याच्याकडे बघून प्रश्न विचारायचा आणि तिच्याकडे बघून उत्तर घ्यायचं. एकतीस वर्षं मी लोकांचे कराचे रिटर्न भरते आहे, ड्रायक्लीनरच्या दुकानावरच्या एका खोलीत. खालून दिवसभर वाफेचा वास येतो. सगळे मला काकू म्हणतात, माझ्यापेक्षा मोठे आहेत तेही. मी हरकत घेत नाही, कारण काकूशी फीची घासाघीस करायला माणूस जरा लाजतो.

लिफ्टवाला कागद हत्यारांच्या पेटीत आणायचा. खालच्या कप्प्यात पाने आणि पकडी, वरच्या कप्प्यात पगाराच्या चिठ्ठ्या, महिन्यांप्रमाणे लावलेल्या, वर रबरबँड. इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करणारा हा माणूस, वय चौतीस, बोलणं मोजकं. अशा माणसाच्या हिशेबात चूक सापडत नाही. म्हणून मी कधी शोधलीही नाही.

तीन वर्षं तो रिटर्नसाठी आला. चौथ्या खेपेला पेटी टेबलावर ठेवून म्हणाला, “काकू, तिच्या मुलाखतीची तारीख आली. अठ्ठावीस दिवस राहिले. जबाबदारीचा फॉर्म तुम्हीच भरा.”

ती म्हणजे त्याची बायको. तिकडे, घरी. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि ती अजून तिकडेच होती, कारण तिला इकडे कायमची आणायची तर आधी अर्ज, मग रांग, मग वैद्यकीय तपासणी आणि शेवटी मुलाखत. त्या मुलाखतीला नवऱ्याकडून एक हमीपत्र लागतं. आमच्यात त्याला जबाबदारीचा फॉर्म म्हणतात. ही बाई सरकारवर ओझं होणार नाही, तिच्या जेवणाखाण्याची, औषधपाण्याची जबाबदारी माझी, असं नवऱ्याने लिहून द्यायचं. सोबत तीन वर्षांचे रिटर्न, मालकाचं पत्र, बँकेचा उतारा. दोन माणसांच्या घराला सरकारने एक आकडा ठरवलेला असतो, उत्पन्न त्याच्या वर पाहिजे. लिफ्टवाल्याचं होतं. फार वर नाही, पण होतं.

मी त्याला एक कलम वाचून दाखवलं. ते मी सगळ्यांनाच दाखवते, कारण सही करण्याआधी माणसाचा चेहरा तिथे बदलतो. “हे बघ, लग्न मोडलं तरी ही हमी मोडत नाही. इतकी वर्षं बांधलेला राहशील.”

“म्हणजे ती मला सोडून गेली तरी?”

“तरी जेवण तुझ्याकडेच.”

तो जरा विचार करून म्हणाला, “चालेल. जेवायला तरी येईल.”

फॉर्ममध्ये एक रकाना असतो, नवराबायको आजवर कधी कधी एकत्र राहिले त्याचा. त्याच्या पासपोर्टवरचे शिक्के बघून मी तारखा लावल्या. लग्नानंतरचे तेवीस दिवस. दोन वर्षांनी वडील गेले तेव्हाचे सतरा. मागच्या वर्षीचे एकवीस. बेरीज एकसष्ट. चार वर्षांत एकसष्ट दिवस. मी बेरीज पुन्हा एकदा केली. माझी बेरीज चुकत नाही, तरी केली.

सगळा गठ्ठा करून तिकडे पाठवला. रिटर्नच्या प्रती माझ्याच कपाटातून काढल्या, वर शिक्का मारला आणि वाचल्या नाहीत. आपणच लिहिलेलं पुन्हा कोण वाचतं?

नऊ दिवसांनी सकाळी फोन आला. बाईचा आवाज, मागे कसलंसं यंत्र गुणगुणत होतं. “काकू, मी लिफ्टवाल्याची बायको. लॅबमधून बोलतेय. एक विचारू का?”

“विचार ना.”

“तिकडे लग्न न झालेल्यांना कर कमी असतो का?”

“नाही गं. जास्त असतो. का?”

“मग यांनी तीन वर्षं अविवाहित म्हणून का भरलंय?”

ती एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. दिवसाला दोनशे बाटल्यांवरचं नाव आणि कागदावरचं नाव जुळवायचं, हे तिचं काम. मुलाखतीला द्यायचा गठ्ठा तिने बाटल्यांसारखाच तपासला होता, पहिल्या पानापासून. आणि तिसऱ्या पानावर, सतराव्या पानावर आणि एकतिसाव्या पानावर तिला आपला नवरा अविवाहित सापडला होता.

मी म्हटलं, “थांब, बघते.” कपाट उघडलं. तिन्ही वर्षांच्या प्रती काढल्या. चौकट होती, चौकटीत खूण होती, खूण माझी होती.

इथे मला माझ्या एका सवयीबद्दल सांगावं लागेल. रिटर्नमध्ये वैवाहिक स्थिती विचारतात. पूर्वी मी सरळ विचारायची, लग्न झालंय का? मग एकदा एक बाई त्या प्रश्नावर माझ्यासमोर रडली, तिचा घटस्फोट त्याच आठवड्यात झाला होता. एकदा एक गृहस्थ उठून निघून गेले. आणि माझा नवरा गेल्यावर जो तो कारकून मला काउंटरच्या काचेतून मोठ्याने हेच विचारायला लागला, तेव्हा मी ठरवलं की माझ्या टेबलावर हा प्रश्न कुणाला टोचणार नाही. तेव्हापासून मी विचारते, “एकटेच ना?” मऊ प्रश्न. ज्याला जे सांगायचं ते तो सांगतो. हो एकटाच, किंवा नाही, बायको-मुलं आहेत. अकरा वर्षं हा प्रश्न चालला. लोक म्हणायचे, काकू किती समजून विचारतात.

लिफ्टवाला दुपारी जेवणाच्या सुट्टीत आला, अंगावर कामाचा डगला, कोपरापर्यंत वंगण. मी त्याच्यासमोर ती प्रत ठेवली.

“ही खूण बघितलीस?”

त्याने वाकून बघितलं. “हे काय आहे?”

“लग्न न झालेला, असं आहे.”

“पण मी तसं कुठे म्हणालो?”

“काय म्हणाला होतास?”

“तुम्ही विचारलंत, एकटेच ना. मी म्हणालो, हो, एकटाच.” तो माझ्याकडे बघत राहिला. “एकटाच होतो, काकू. खोलीत मी आणि एक गादी.”

पुढची दोन वर्षं तर मी विचारलंही नव्हतं. संगणक विचारतो, गेल्या वर्षीची माहिती पुढे घ्यायची का? मी विचारते, गेल्या वर्षीसारखंच ना? तो म्हणायचा, तसंच. तसंच होतं. खोली तीच, गादी तीच. बायकोबद्दल तो मधूनमधून बोलायचाही. तिला सर्दी झालीये, तिला बढती मिळाली. मी ऐकायची आणि त्याच हाताने त्याला अविवाहित करून टाकायची. कानाने ऐकलेलं हातापर्यंत पोचत नव्हतं.

चूक दुरुस्त करता येते. दुरुस्तीचे रिटर्न भरायचे आणि चार महिने वाट बघायची. मुलाखत एकोणीस दिवसांवर होती. मुलाखतीची तारीख पुढे ढकलली तर माणूस रांगेच्या शेपटाला जातो, आणि ती रांग या वेळी सव्वीस महिने चालली होती. आणि तसेच कागद घेऊन ती आत गेली तर? समोरचा अधिकारी म्हणणार, नवरा तीन वर्षं सरकारला सांगतोय की माझं लग्न झालेलं नाही. तुम्ही म्हणता झालंय. दोघांतलं खोटं कोण? खोटं लग्न असा एकदा शेरा बसला की तो पुसायला वकील लागतात आणि वकिलांना वर्षं लागतात.

“काही लिहून देता नाही येणार?” लिफ्टवाल्याने विचारलं.

येणार होतं. मी तिथेच बसून लिहिलं. दहा ओळी. ‘सदर रिटर्नमध्ये माझ्याकडून नजरचुकीने वैवाहिक स्थिती चुकीची नोंदवली गेली, त्याबद्दल दिलगीर आहे, दुरुस्तीचे रिटर्न दाखल करत आहे.’ खाली त्याची सही. अशी पत्रं मी आयुष्यात शंभर तरी लिहिली असतील. निम्म्या वेळा चालतात. त्याने न वाचता सही केली. माझ्यावरचा विश्वास म्हणून नव्हे. वंगण कागदाला लागू नये म्हणून तो कागद फार वेळ धरत नव्हता.

बायकोला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि पत्र वाचून दाखवलं.

ती शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाली, “काकू, ‘नजरचुकीने’ असं लिहिलंय ना?”

“हो.”

“त्यात नजर तुमची आणि चूक त्याची, असं आहे का?”

लिफ्टवाला म्हणाला, “अगं, काकूंना असं...”

“तू थांब. काकू, माझ्या लॅबमध्ये मी एकाच्या बाटलीवर दुसऱ्याचं नाव चिकटवलं, तर आम्ही पेशंटकडून लिहून घेत नाही, की नजरचुकीने माझं रक्त भलत्याचंच निघालं. चिकटवणाऱ्याने लिहून द्यायचं असतं. मी तिथे एकटी उभी राहणार आहे. तो साहेब विचारणार, तुझ्या नवऱ्याला स्वतःचं लग्न आठवत नव्हतं का, तीन वर्षं? मी काय सांगू? नजर गेली होती म्हणू?”

“खरं आहे तुझं,” मी म्हटलं.

मग ती त्याच्याकडे वळली. फोनवर माणूस वळलेला कसा कळतो ते सांगता येणार नाही, पण कळतो. आवाज खाली आला. “आणि तू. काकूंचं सोड. तुला कुणीतरी विचारलं, एकटाच का, आणि तुझ्या तोंडात मी आले नाही?”

खाली ड्रायक्लीनरने वाफ सोडली, पाइप खडखडला.

“बोल ना. रोज रात्रंदिवस फोन करतोस, जेवलीस का, झोपलीस का. आणि कागदावर विचारलं तर मी नाहीच?”

“तसं नाही गं.”

“मग कसं?”

तो हाताने काहीतरी घट्ट केल्यासारखं करत होता, जणू समोर एखादा ढिला नट आहे. मग म्हणाला, “आलीस म्हणून तर म्हणालो.”

“काय?”

“लग्न झालं नसतं तर मी एकटा कशाला म्हटलं असतं? आधी इथे दोन वर्षं होतो की, लग्नाच्या आधी. तेव्हा कुणी विचारलं तर म्हणायचो, नाही अजून, बघतायत घरचे. तेव्हा मी एकटा नव्हतो. तू नाहीस म्हणून एकटा. तू असतेस आणि इथे नसतेस, त्याला काय म्हणायचं मग?”

पलीकडे यंत्राची गुणगुण तेवढी ऐकू येत होती. मग ती म्हणाली, “हे त्या साहेबाला कोण सांगणार?” आणि ठेवला.

तो गेल्यावर मी खालचा ड्रॉवर उघडला. नवा माणूस येतो तेव्हा मी एका साध्या कागदावर त्याची माहिती लिहून घेते, आपल्या भाषेत, पेन्सिलने, तो बोलेल तशी. मग त्यावरून फॉर्म भरते. सगळे कागद ठेवते. लिफ्टवाल्याचा सापडला. माझं अक्षर: ‘लिफ्ट दुरुस्ती. भाड्याची खोली. एकटा. शांत माणूस, फी लगेच दिली.’

हा कागद म्हणजे पुरावा होता. त्याने काय सांगितलं आणि मी त्याचं काय केलं, दोन्हीचा. फॉर्मवर ‘अविवाहित’ आणि कागदावर ‘एकटा’, आणि मधली उडी माझी. हा कागद पत्राला जोडला तर त्याच्यावरचा खोटेपणाचा संशय जातो. पण आमच्या परवान्याचा एक नियम आहे. गिऱ्हाइकाच्या कामातली चूक लेखी कबूल केली तर तिची एक प्रत नोंदणी मंडळाला पाठवावी लागते. एका वर्षाची चूक असेल तर ते समज देतात. ओळीने तीन वर्षं, न विचारता पुढे नेलेली, म्हणजे चौकशी.

मी दोन्ही बाजू मांडल्या. एका बाजूला मी, वय एकसष्ट, गिऱ्हाइकं दोनशे चौदा, या खोलीचं भाडं, आणि दुसरं काही येत नाही अशी बाई. दुसऱ्या बाजूला दोघं, ज्यांना मी कधी एकत्र बघितलंही नव्हतं. तसं बघितलं तर पहिलं पत्रही निम्म्या वेळा चालतं. निम्म्या म्हणजे काही वाईट नाही, असं मी एक दिवस स्वतःला सांगून बघितलं. मग लक्षात आलं की ते निम्मं माझं नव्हतं. पत्र चाललं नाही तर सव्वीस महिने तिचे जाणार होते, आणि मी इथे बसून पुढच्या माणसाला विचारणार होते, एकटेच ना?

पत्र लिहायला दोन दिवस लागले. माझ्या कामात शब्द कमी आणि आकडे जास्त. आकड्यांचं मी बघून घेतलं. लग्न झालेला म्हणून रिटर्न भरले असते तर दर वर्षी त्याला किती सूट मिळाली असती, ते तिन्ही वर्षांचं काढून दिलं. म्हणजे या खोट्या खुणेने त्याचा एक छदामही फायदा झालेला नव्हता, उलट तीन वर्षं तो जास्तीचा कर भरत होता. खोटं बोलणारा माणूस स्वतःच्या खिशाला भोक पाडून बोलत नाही, एवढं कुठल्याही देशातल्या अधिकाऱ्याला कळतं.

अडलं ते त्या एका शब्दाशी. ज्याला आपली भाषा येत नाही त्याला ‘एकटा’ कसा समजवायचा? चार मसुदे फाडले. पाचव्यात लिफ्टवाला बोलला तेच लिहिलं:

‘आमच्या भाषेत एकटा म्हणजे ज्याचं लग्न झालेलं नाही असा नव्हे. ज्याचं माणूस सोबत असायला हवं आणि नाही, तो एकटा. लग्न न झालेला तरुण स्वतःला सहसा एकटा म्हणवत नाही. मी या गृहस्थांना विवाहित आहात का असं विचारलं नाही. एकटे आहात का असं विचारलं. त्यांनी खरं उत्तर दिलं. ते मी चुकीच्या चौकटीत लिहिलं, आणि पुढची दोन वर्षं न विचारता तेच पुढे नेलं. चूक सर्वस्वी माझी आहे. मूळ टिपणाची प्रत सोबत जोडली आहे.’

खाली माझी सही, परवान्याचा नंबर, शिक्का आणि ‘प्रत: नोंदणी मंडळ’ अशी ओळ. एक प्रत तिकडे, एक मंडळाला. दोन्ही पाकिटं एकाच खिडकीत एकाच वेळी दिली, म्हणजे मधल्या वेळात माझं मन बदलायला जागा राहिली नाही.

लिफ्टवाल्याला मंडळाचं कळलं ते तिच्याकडून. तो संध्याकाळी जिना चढून आला, दारातच उभा राहिला. “काकू, तुमचा परवाना गेला तर?”

“गेला तर तुझ्याकडे कामाला येईन. लिफ्टची बटणं पुसायला कुणी लागतं का?”

तो हसला नाही. “तुम्ही मला आधी विचारायला हवं होतं.”

“न विचारता कामं करायची सवयच आहे मला,” मी म्हटलं. “त्यामुळेच तर हे झालं.”

मुलाखत होती त्या दिवशी त्याने सुट्टी घेतली नाही. घरी बसून जीव जाईल, म्हणाला. मी मात्र खोलीतच होते. एका मिठाईवाल्याचे कागद समोर होते आणि एकाच रकमेची मी चौथ्यांदा बेरीज करत होते, दर वेळी वेगळी येत होती. अकराच्या सुमाराला फोन वाजला.

“काकू, त्याचा लागत नाहीये. लिफ्टच्या बोगद्यात असेल, तिथे रेंज नसते. तुम्हालाच सांगते.” ती चालत बोलत होती, मागे गाड्यांचा आवाज. “साहेब वाईट नव्हता. पण कोरा. तिन्ही रिटर्न काढले, त्या खुणेवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी तुमचं पत्र पुढे केलं. त्यांनी वाचलं. मग दुभाष्या बाई होत्या शेजारी, आपली भाषा येणाऱ्या, त्यांच्याकडे तुमचा तो पेन्सिलचा कागद सरकवला. विचारलं, हा शब्द काय आहे?”

“मग?”

“त्या बाई वाचता वाचता हसल्या. साहेब म्हणाले, का हसलात? त्या म्हणाल्या, माझा मुलगा एकोणतीसचा आहे, लग्न करत नाही. त्याला कुणी एकटा म्हणत नाही. मोकळा म्हणतात.”

“आणि साहेब?”

“साहेबांनी ते लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं, काकू, वहीत. मग मला विचारलं, तिथे गेल्यावर काय करणार? मी म्हटलं, लॅबचं काम बघणार, आणि त्याआधी एक गादी घेणार, तिथे एकच आहे.” ती थांबली. धाप लागली होती की काय होतं, कळलं नाही. “पासपोर्ट ठेवून घेतला त्यांनी. व्हिसा लावून देतात. दहा दिवस म्हणाले.”

मी खुर्चीत नीट बसले. “तू आता कुठे आहेस?”

“रस्त्यात. मला बसायला जागा सापडत नाहीये. काकू, त्याला सांगाल का? मला मेसेज नाही टाकायचा. कुणीतरी सांगायला हवं त्याला, तोंडाने.”

तो काम करत होता ती कचेऱ्यांची सात मजली इमारत माझ्या खोलीपासून दोन चौकांवर होती. लिफ्ट बंद होती, कारण ती दुरुस्त करणारा तिच्यावरच बसला होता. जिन्याने चढले. दुसऱ्या मजल्यावर गुडघ्यांनी विचारलं, फी किती घेणार आहेस याची? चौथ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडं ठेवलेलं, समोर पिवळा लोखंडी अडसर आणि ‘काम चालू’ची पाटी. अडसराला धरून खाली डोकावले. पोकळीत तारा लोंबत होत्या. दीड मजला खाली, लिफ्टच्या छतावर तो बसला होता, डोक्याला दिवा.

“अरे ए!” मी हाक मारली. माझा आवाज खालपर्यंत गेला आणि वर परत आला.

दिवा वर वळला. माझ्या डोळ्यांवर उजेड पडला. मी एवढे जिने चढून आले म्हणजे काहीतरी आहे, एवढं त्याला कळलं, आणि चांगलं की वाईट ते विचारायची त्याची छाती होईना, हे मला इतक्या वरूनही दिसलं.

“पासपोर्ट ठेवून घेतला,” मी म्हटलं. “दहा दिवसांत व्हिसा.”

“काय?”

“मिळाला रे! येतेय ती!”

तो बसलेला होता तसाच राहिला. दिवा हळूहळू खाली गेला, गुडघ्यांवर, हातांवर. मग त्याने फक्त एवढंच म्हटलं, “थांबा काकू. आधी वीज बंद करतो, कुलूप लावतो. असं मध्येच नाही येता येत.”

आणि त्याने खरंच ते सगळं केलं, क्रमाने, एकही पायरी न गाळता. खटका खाली, कुलूप, कुलपावर त्याच्या नावाची पट्टी, पट्ट्याची कडी. शिडीने वर यायला त्याला सहा-सात मिनिटं लागली. त्याचा चेहरा अडसराच्या पातळीला आला तेव्हा मी बाजूला बघितलं. काही गोष्टी माझ्या वहीत नको आहेत.

तो बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर बसला. म्हणाला, “तुमच्या मंडळाचं काही?”

“तारीख आलीय. पुढच्या महिन्यात बोलावलंय.”

“काय करतील?”

“करतील ते करतील. बंद केलं तर सहा महिने करतील, नाहीतर कायमचं. तुझं काम नाही ते. फोन कर तिला, ती रस्त्यात उभी आहे.”

त्याने दोन्ही हात पुढे केले. वंगणाने काळे, मनगटापर्यंत. फोन कुठे धरणार? मग मीच त्याच्या खिशातून फोन काढला, लावला, आणि त्याच्या कानाशी धरून शेजारच्या पायरीवर बसले. पलीकडे घंटी वाजली, एकदाच. तिने उचलला.

“हं,” तो म्हणाला.

“हं,” ती म्हणाली. एवढं मलाही ऐकू आलं.

त्यानंतर कुणीच काही बोललं नाही. फोनच्या काचेवर आकडे पुढे सरकत होते. एक मिनिट झालं, दोन झाली. खालून कुणीतरी ओरडलं, लिफ्ट कधी चालू होणार? त्याने उत्तर दिलं नाही, मीही नाही. माझा हात भरून आला होता, पण मी तो तसाच धरून ठेवला.